सौरज्वाला की सोसायटीची लिफ्ट? या चुका टाळा

बाल्कनीत तारेचं वेटोळं, लॅपटॉपचं साउंड कार्ड आणि तमिळनाडूतल्या विजयनारायणमहून येणारा नौदलाचा १८.२ किलोहर्ट्झचा संदेश. मुंबईच्या फ्लॅटमध्ये सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा अचानक स्फोट, टिपायला एवढं पुरतं. मात्र या संदेशाच्या तीव्रतेच्या आलेखावर दिसतात त्या सूर्याच्या रेडिओलहरी नव्हेत. ज्वालेच्या क्ष-किरणांनी आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) सगळ्यात खालचा डी थर एकाएकी दाट होतो आणि आपल्याच नौदलाच्या लहरींची तीव्रता बदलते. हे विसरलं की रात्रीची प्रत्येक उडीही ज्वाला वाटू लागते. रात्री डी थर जवळपास नसतोच! सूर्योदय-सूर्यास्ताची रोजची मोठी उलथापालथही ज्वालेची नाही. त्यामुळे आधी शांत दिवसांचे आलेख जमवा.

खरी ज्वाला आकारावरून ओळखावी. काही मिनिटांत चढ, मग बराच वेळ रेंगाळणारा उतार; कधी हाच आकार उलटा, खड्ड्यासारखा. काटकोनी पायऱ्या दिसल्या तर संशय लिफ्टवर, इन्व्हर्टरवर किंवा स्वस्त एलईडीवर घ्या. प्रक्षेपण बंद पडलं तरी रेषा अशीच धाडकन खाली येते. लॅपटॉपचं ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर ते चढच सपाट करून टाकतं. वेटोळं खिडकीच्या ग्रिलला टेकवू नका. त्याची कड दक्षिण-आग्नेयेकडे, म्हणजे विजयनारायणमच्या दिशेने हवी. जूनच्या तोंडावर विजांचे काटे आलेख भरून टाकतात. तिथे सरासरी फसवते, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधला येणारा) घ्या.

वेळेची चूक तर हमखास. ज्वालांचे क्ष-किरण मोजणाऱ्या अमेरिकेच्या गोज उपग्रहांच्या नोंदी जागतिक वेळेत असतात, म्हणजे तिथले ०६:३० हे आपले दुपारचे १२.

सगळ्यात मोठी हाव म्हणजे ज्वाला सूर्यावरच्या कुठल्या सक्रिय क्षेत्रातून (सहसा डागांच्या भागातून) आली हे याच आलेखावरून सांगणं. वेटोळ्याला ते कळायचा मार्गच नाही. सूर्यबिंब जेमतेम अर्धा अंश रुंद. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या गटाने १९६५ मध्ये कल्याणला ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचा वेध घेतला, तेव्हा त्यातला तपशील वेगळा काढायला सहा-सहा फुटांच्या ३२ तबकडी-अँटेना मांडाव्या लागल्या. पूर्व-पश्चिम रांगच ६३० मीटरची. तुम्ही वेळ टिपा. क्षेत्राचा क्रमांक नोआ या अमेरिकी हवामान-संस्थेच्या यादीतून घ्या, आणि त्या वेळेला तिथे क्रमांक दिलेला नसेल तर तो रकाना कोरा ठेवा.