पेस्टलचं चित्र प्रदर्शनाला देण्याआधी

रंग, बोर्ड, मास्किंग टेप हे सांगत बसत नाही. पेस्टल म्हणजे खडूसारख्या सुक्या रंगकांड्या; कागद मात्र खरखरीतच घ्या. गुळगुळीत कागदावर दोन थर चढले की पुढचा रंग धरतच नाही. विषय इंदूरचा असेल तर कृपा करून राजवाडा समोरून काढू नका. खालचे ३ मजले दगडी, वरचे लाकडी, हे इथल्या परीक्षकांना पाठ आहे. चित्रकार देवळालीकरांनी १९२७ साली कलाशाळा काढली आणि पुढे बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार तिथे शिकले, असं हे गाव. इथे नुसत्या ओळखीच्या इमारतीला कुणी भुलत नाही. त्यापेक्षा रात्री सराफ्यात जा, सोन्याची दुकानं बंद होऊन ठेले लागतात तेव्हा. बंद शटरपुढे भुट्ट्याच्या किसाची कढई, वर पिवळा दिवा, त्यात वाफ: हे पेस्टलला मानवतं. तिथे फक्त रेखाटन करा, कुठला रंग कुठे ते टिपून ठेवा. त्या गर्दीत रंगांची पेटी उघडलीत तर कांड्यांचा चुरा घरी आणाल.

आता फट. चित्र आणि काच यांच्यात फट हवी. पेस्टल म्हणजे कागदाच्या खरखरीत अडकलेली पूड, ती तेलरंगासारखी वाळून घट्ट होत नाही. फ्रेमवाला म्हणेल, ‘चिपका देता हूँ, साफ दिखेगा.’ ऐकू नका. नुसता माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, पुरत नाही, तो जेमतेम दीड मिलिमीटर. पावसाळ्यात कागद फुगतो आणि मधोमध काचेला टेकतो. मागच्या वेळी माझ्या दिव्याचा सगळा पिवळा काचेवर उतरला तो असाच. म्हणून माउंट आणि चित्र यांच्यामध्ये, बाहेरून दिसणार नाही अशी, ४-५ मिलिमीटर जाड पट्टी. स्वतः कापून त्याच्या हातात द्या. पूड गळली तरी माउंटच्या मागे पडते, पांढऱ्या कडेवर नाही. हलकी म्हणून अ‍ॅक्रिलिक शीट घेऊ नका, ती पुसली की विजेने भारते आणि पूड खेचते. फिक्सेटिव्ह (पूड धरून ठेवणारा फवारा) मारून पट्टी वाचवायचा विचारही नको: फवारा जास्त झाला की उजळ रंग काळवंडतात. मधल्या थरांवर हलका मारा, शेवटच्या उजळ रंगांवर अजिबात नाही.

फ्रेमला देण्याआधी बोर्ड उभा, किंचित पुढे झुकवून धरा आणि मागून टिचक्या मारा; सुटी पूड आत्ताच पडू दे. फोटो काचेआधी काढा, नंतर त्यात तुमचंच तोंड दिसेल. नेईपर्यंत वर बटर पेपर, वर्तमानपत्र नाही. स्कूटरवर नेऊ नका, रिक्षा करा.

बक्षीस लागलं तर आनंद आहेच, पण मग चित्र भिंतीवरून उतरतं, मंचावर जातं, पाहुण्यांच्या हातात वाटेल तसं कलतं, फोटोसाठी कुणीतरी काच रुमालाने खसाखसा पुसतं. पट्टी नसेल तर त्या १० मिनिटांत निकाल.

फॉर्म, माप फ्रेमसकट आणि फ्रेमविना, किंमत, मागे नाव. कड्या घट्ट. आणि मागचा कागद चिकटवण्याआधी दुकानात उभं राहून बघा, पट्टी आत आहे का. तो ‘हो’ म्हणाला तरी बघा.