मफलर पंख्यासारखा पसरतोय? विणकामातल्या या चुका टाळा

माझा पहिला मफलर ३० टाक्यांवर सुरू झाला आणि ४१ टाक्यांवर संपला. खालून अरुंद, वर हातपंख्यासारखा पसरलेला. मी आपली हात घट्ट-सैल पडत असेल म्हणून गप्प बसले. दोन-तीन वस्तू उसवून झाल्यावर लक्षात आलं की हाताचा काही दोष नव्हता, मी विणताना खाली बघतच नव्हते. सुईकडे बघायचे, सुईखालच्या विणीकडे नाही. चूक दिसते एका जागी आणि झालेली असते भलत्याच ओळीत, म्हणून आधी वीण वाचता यायला हवी.

टाके आपोआप वाढतात

बहुतेक वेळा हा घोळ ओळीच्या पहिल्याच टाक्यावर होतो. ओळ संपवून काम उलटं फिरवलं की लोकर पुढच्या बाजूला असते. ती सुईच्या वरून मागे ओढली तर पहिला टाका ताणला जातो, त्याच्या खालच्या टाक्याचे दोन्ही पाय (फासाच्या दोन बाजू) वर येतात आणि एका टाक्याच्या जागी दोन टाके दिसतात. आपण दोन्ही इमानदारीत विणतो. प्रत्येक ओळीला नाही झालं तरी पाच-सहा ओळींतून एकदा होतंच. उपाय अगदी साधा आहे. पहिला टाका विणण्याआधी लोकर पुढून खाली ओढा, एकच टाका दिसतोय ना ते बघा आणि मग ती सुईच्या खालून मागे न्या.

ओळीच्या मधेच टाका वाढला असेल आणि त्याखाली छोटं भोक दिसत असेल, तर उलट टाक्यावरून सुलट टाक्यावर जाताना लोकर पुढेच राहिली आहे. सुईवर नुसता वेढा पडला आहे. पुढच्या ओळीत लक्षात आलं तर तो वेढा खुशाल सोडून द्या. सैल झालेली लोकर शेजारचे टाके वाटून घेतात, धुतल्यावर मागमूसही राहत नाही. जाळीची वीण घालताना हाच वेढा आपण मुद्दाम घेतो, ही गंमत मला बरीच उशिरा कळली.

मोजण्याचा कंटाळा येत असेल तर दर २० टाक्यांवर मार्कर, म्हणजे खुणेची कडी, अडकवा. मार्कर नसला तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारून केलेली कडीही चालते.

मधेच काम ठेवलं आणि दिशा चुकली

फोन आला, उठलात, परत आलात आणि ओळ उलट्या दिशेने सुरू केली. मग एका बाजूला दोन ओळी जास्त आणि वळल्या जागी भोक. ज्या सुईवरून लोकर लटकते ती सुई उजव्या हातात धरायची. उजव्या हाताने विणणाऱ्यांनी एवढं पाठ केलं तरी भागतं. मी तर ओळ पूर्ण केल्याशिवाय उठतच नाही, घरातले काय म्हणायचं ते म्हणोत.

टाका सुटला

घाबरून काम ओढू नका, ओढलं की तो आणखी खाली पळतो. आधी सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, मग विचार करा.

टाक्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. कामाची सुलट बाजू स्वतःकडे करा. क्रोशाची सुई टाक्यातून पुढून मागे घाला, शिडीचा सगळ्यात खालचा धागा पकडा आणि टाक्यातून पुढे ओढून काढा. मग त्याच्या वरचा धागा, मग त्याच्या वरचा. एकही पायरी गाळायची नाही. वर पोचल्यावर टाका डाव्या सुईवर ठेवताना त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे यायला हवा. मी एकदा उलट बाजू समोर ठेवून हेच सगळं केलं, तर सुलट बाजूला खडबडीत गाठींचा एक उभा पट्टा उमटला. पुन्हा सोडला, पुन्हा चढवला.

एक अडचणीची गोष्ट मात्र आहे. टाका दहा ओळींपूर्वी सुटला, तिथेच अडकून राहिला आणि तुम्ही त्याच्याशिवाय विणत गेलात, तर वरच्या ओळींत त्याच्या वाटणीची लोकरच नसते. ओढूनताणून वर आणलात तर तो सगळा उभा पट्टा आवळला जातो. अशा वेळी एक तर तिथपर्यंत उसवा, नाहीतर मागच्या बाजूने त्याच लोकरीच्या तुकड्याने टाका शिवून टाका. शालीत मी शिवते, स्वेटरच्या पुढच्या भागात उसवते.

विणीतले टाके पिळलेले दिसतात

टाका सुईवर दोन्हीकडे पाय सोडून बसलेला असतो. नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय पुढे असतो. उलट टाका घालताना लोकर चुकीच्या दिशेने गुंडाळली की डावा पाय पुढे येतो. मग पुढच्या सुलट ओळीत सवयीने पुढच्या पायातून विणलं की टाका पिळला जातो, इंग्रजी व्हीसारख्या आकाराच्या बुंध्याशी फुली दिसते. लोकर सुईच्या टोकाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतेय का, एवढं तपासा.

नमुन्याचा तुकडा न विणणं

वस्तू सुरू करण्याआधी आपल्या हाताला किती टाके बसतात ते मोजायला छोटा तुकडा विणायचा असतो. तो टाळण्याच्या चुकीवर मी सगळ्यात जास्त लोकर घालवली आहे. समजा डिझाइनमध्ये १० सेंटिमीटरला २० टाके दिले आहेत आणि छातीचा घेर १०० सेंटिमीटर हवा आहे, म्हणजे २०० टाके. तुमच्या हाताला १० सेंटिमीटरला २२ टाके बसत असतील तर त्याच २०० टाक्यांचा घेर ९१ सेंटिमीटरच भरतो. फरक फक्त दोन टाक्यांचा, पण स्वेटर अंगात जात नाही.

तुकडा निदान १५ सेंटिमीटर चौरस विणा, वस्तू जशी धुणार तसाच धुवा, वाळल्यावर मधल्या भागात मोजा. कडेचे टाके वेडेवाकडे असतात, ते धरू नका. टाके जास्त बसले तर जाड सुई घ्या, कमी बसले तर बारीक. ‘हात जरा सैल सोडीन’ असं ठरवून काही होत नाही. दहा मिनिटांत हात मूळ पदावर येतो. वस्तू गोल विणायची असेल तर तुकडाही गोलच विणा, कारण पुष्कळांचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल पडतात आणि गोल साध्या विणीत उलट ओळ येतच नाही.

सुईच्या नंबरावर विसंबू नका, मिलिमीटर बघा. जुन्या ब्रिटिश मापात १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची असते, अमेरिकन मापात १० नंबर म्हणजे ६ मिलिमीटर.

गोल विणताना पीळ पडला

गोल सुईवर टाके जोडताना टाक्यांची खालची कड सगळीकडे आतल्या बाजूला हवी. एका ठिकाणी जरी ती सुईला वळसा घालून गेली, तरी टोपीऐवजी पिळलेलं कडं तयार होतं. पहिल्या फेरीच्या शेवटी लक्षात आलं तर जोडाच्या ठिकाणी पीळ फिरवून सोडवता येतो. नंतर काही इलाज नाही. मला ते आठ सेंटिमीटर विणून झाल्यावर दिसलं होतं. हल्ली मी पहिल्या दोन ओळी सपाट विणते आणि मग जोडते. खालची छोटी फट सुरुवातीला सोडलेल्या लोकरीच्या शेपटाने शिवून टाकते.

गळा डोक्यातून जात नाही

टाके घट्ट बंद केले आहेत, बाकी सगळं ठीक आहे. शेवटची कड तेवढी उसवा आणि एक-दोन माप जाड सुईने पुन्हा बंद करा. सुरुवातीचे टाके आवळले जात असतील तर तिथेही जाड सुई.

कडा गुंडाळतात

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीचा तो स्वभावच आहे. बाजूच्या कडा मागे वळतात, खालची-वरची पुढे. ओली करून टाचण्या लावलीत तरी थोड्या दिवसांनी पुन्हा वळेल. विणतानाच चारी बाजूंनी चार टाक्यांची आणि चार-पाच ओळींची, प्रत्येक ओळ सुलट विणलेली पट्टी ठेवा. आणि अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. कड सपाट होते खरी, पण वीण कायमची लुळी पडते.

जाळी आणि केबल

जाळीत चूक सुधारणं जिकिरीचं, म्हणून दर नमुन्याच्या शेवटी, बिनचूक मोजून झालेल्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून सुईने एक गुळगुळीत दोरा ओवून ठेवा. उसवायची वेळ आली तर काम त्या दोऱ्यापाशी थांबतं. मार्करमधून मात्र दोरा ओवू नका, तो अडकतो.

केबलमध्ये, म्हणजे टाके एकमेकांवरून ओलांडून घातलेल्या वेणीसारख्या विणीत, टाके पुढे धरले तर पेड डावीकडे झुकतो, मागे धरले तर उजवीकडे. एखादा पेड चुकीचा पडला म्हणून सगळं उसवायची गरज नाही. तेवढेच टाके चुकलेल्या ओळीपर्यंत सोडा, पेड बरोबर घाला आणि शिडीवरून पुन्हा वर चढवा.

उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, पिळल्याशिवाय टॉवेलात दाबून टांगा. सरळ व्हावी म्हणून खाली जड वजन मात्र लावू नका. ताणलेली लोकर पहिल्या धुण्यात आखडते, आणि मग तो १०० सेंटिमीटरचा घेर पुन्हा चुकतो.