बॉल की रोलर? बेअरिंग निवडायला शिकणाऱ्यांसाठी

बॉल बेअरिंगमध्ये स्पर्श बिंदूवर होतो, रोलर बेअरिंगमध्ये रेषेवर होतो आणि म्हणून तेवढ्याच मापात रोलर अधिक भार पेलतो, एवढे देखभाल विभागात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. ती उमगेपर्यंत मी बराच काळ चाचपडत होतो, म्हणूनच इथे तिच्यावर जरा जास्तच लिहीत आहे.

कॅटलॉगमध्ये ६२०५ हे बॉल बेअरिंग आणि एनयू २०५ हे रोलर बेअरिंग शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचे भोक २५, बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर आहे. भारक्षमता मात्र पहिल्याची सुमारे १४ किलोन्यूटन आणि दुसऱ्याची साधारण त्याच्या दुप्पट. जागा तीच आणि ताकद दुप्पट, मग रोलरच का बसवू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. हाच तो सापळा.

रोलर फिरतो तो भारामुळे मिळणाऱ्या पकडीवर. भार फारच कमी असेल, तर केजचे (रोलर ठरावीक अंतरावर धरणाऱ्या चौकटीचे) वजन आणि ग्रीसचा विरोध त्याला मागे खेचतात, तो योग्य वेगापेक्षा हळू फिरतो, आणि भार पडणाऱ्या भागात शिरताच एकदम वेग घेताना घसरतो. त्या घसरण्याने वंगणाचा थर फाटतो आणि रेसवर, म्हणजे रोलर ज्यावरून फिरतात त्या कड्याच्या पृष्ठभागावर, धातू माखला जातो. म्हणूनच ढोबळ नियमानुसार रोलर बेअरिंगवर त्याच्या भारक्षमतेच्या किमान २ टक्के आणि बॉल बेअरिंगवर १ टक्का भार असावा लागतो. वरच्या जोडीत हा आकडा बॉलसाठी सुमारे १४० न्यूटन आणि रोलरसाठी ५०० न्यूटनच्याही वर जातो. पट्ट्याने यंत्र चालवणाऱ्या मोटरमध्ये पट्ट्याचा ताण हा भार सहज पुरवतो. थेट कपलिंगने जोडलेल्या मोटरमध्ये बहुधा रोटरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) वजनापलीकडे काही नसते, आणि तिथे बॉलच योग्य ठरतो.

आयुष्याचे सूत्र याबाबत तुम्हाला सावध करणार नाही. भारक्षमता भागिले भार, त्याचा बॉलसाठी ३ आणि रोलरसाठी १०/३ घात: या हिशेबात भार जितका कमी तितके आयुष्य वाढतच जाते, कारण सूत्र फक्त धातूचा थकवा मोजते, घसरणे मोजत नाही. आकडे भरताच उत्तर देणाऱ्या तयार गणकयंत्रांवर माझा विश्वास नाही तो यामुळेच. ‘रोलर टाका, टिकेल’ एवढेच सांगणाऱ्या वरिष्ठांपेक्षा निकामी झालेले बेअरिंग कापून रेसवरच्या खुणा दाखवणारा फिटर अधिक शिकवतो. असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

सूत्रांना घाबरण्याचे मात्र कारण नाही. भार किती, कोणत्या दिशेचा, वेग किती आणि शाफ्ट किती वाकतो, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक निवडी आपोआप सुटतात. शाफ्टच्या वाकण्याला एनयूसारखा सिलिंड्रिकल (दंडगोलाकार) रोलर फार नाजूक असतो, हे मात्र लक्षात असू द्या.

दिशेबाबत चूक करू नका. एनयू प्रकार ॲक्सियल, म्हणजे शाफ्टच्या अक्षाच्या दिशेचा, भार अजिबात घेत नाही. दोन्ही टोकांना तोच बसवला, तर शाफ्टला अक्षाच्या दिशेने धरून ठेवणारे काहीच उरत नाही. पण एका टोकाला बॉल बेअरिंगने शाफ्ट पक्का धरला, तर दुसऱ्या टोकाचा हाच एनयू मोलाचा ठरतो, कारण १ मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट ५० अंश सेल्सियसने तापला की जवळपास ०.६ मिलिमीटर वाढतो, आणि ती वाढ रोलर रेसवर सरकून सामावून घेतात.