मिशिगनमध्ये गाडीची चाकं कुणाच्या हाती द्यावीत

नोव्ही, कँटन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स या भागात नव्याने आलेली आपली मंडळी सुरुवातीला बहुधा वापरलेली कोरोला, सिव्हिक नाहीतर कॅम्री घेतात. गाडी चांगली चालते, पहिला बर्फ पडतो, जानेवारी सरतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन यायला लागतात. तक्रार बहुतेक एकच असते: "दादा, हायवेला लागलं की स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग करून आणलं, पैसे दिले, तरी तसंच आहे." (बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं करणं.) अशा सगळ्यांसाठी एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे मार्चमध्ये शोधाशोध करायची वेळ येणार नाही.

खड्डे आपल्याला नवीन नाहीत, पण इथले खड्डे वेगळ्या तऱ्हेने त्रास देतात. रस्त्याच्या भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दुपारी वितळतं, वरून अवजड ट्रक जातात आणि काल गुळगुळीत असलेल्या लेनमध्ये आज धारदार कडांचा खड्डा तयार होतो. पुण्यात खड्डा आला की आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असतो. इथल्या आय-275 हायवेवर तोच खड्डा ताशी 70 मैलांच्या वेगात, म्हणजे 110 किलोमीटरहून जास्त वेगात चाकाखाली येतो. त्या एका दणक्यात रिमची कड वाकू शकते, टायरच्या आतला पट्टा सुटू शकतो, बॅलन्सिंगसाठी रिमवर चिकटवलेला वजनाचा तुकडा उडून जाऊ शकतो किंवा अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडू शकते. चालवणाऱ्याला चारही वेळा जाणवतं ते "गाडी हादरते" एवढंच. म्हणून दुकानात जाऊन "बॅलन्सिंग करून द्या" असं सांगू नका. तसं सांगितलं की ते बॅलन्सिंग करतात, पैसे घेतात आणि गाडी परत देतात. तुम्ही लक्षण सांगा, निदान त्यांना करू द्या.

लक्षण सांगायचं तर आधी स्वतः नीट बघावं लागतं. एखाद्या रविवारी सकाळी, रहदारी नसताना, हायवेवर जाऊन बघा. साधारण 55 ते 70 मैलांच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरत असेल आणि वेग कमी केला की थांबत असेल, तर संशय पुढच्या चाकांच्या बॅलन्सवर घ्यायचा. थरथर हातांपेक्षा सीटमध्ये, बुडाखाली जास्त जाणवत असेल तर मागची चाकं. वीस-तीस मैलांच्या संथ वेगालाच गाडी डुलल्यासारखी होत असेल, तर टायर आतून फाटलेला किंवा रिम चांगलीच वाकलेली असण्याची शक्यता मोठी, आणि अशी गाडी हायवेवर नेऊ नका. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं ते चाकामुळे सहसा नसतं, तिथे ब्रेकची डिस्क बघायला हवी. अॅक्सिलरेटर दाबला की हादरा येतो आणि पाय काढला की जातो, तर पुढच्या अॅक्सलचा जॉइंट. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते किंवा स्टिअरिंग तिरकं राहतं, ते अलाइनमेंटचं काम. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांची मशीन वेगळी आणि पैसेही वेगळे. वेग किती होता, हातात जाणवतं की सीटमध्ये, ब्रेक लावल्यावर बदलतं का, हे तीनही कागदावर लिहून काउंटरवर द्या. चांगला मेकॅनिक तो कागद वाचतो आणि आणखी दोन प्रश्न विचारतो. ज्याने काहीच न विचारता किल्ली घेतली, त्याच्याकडून माझी फारशी अपेक्षा नसते.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की करा. जोराचा बर्फ पडल्यावर, विशेषतः गाडी बर्फात रुतून निघाली असेल तर, रिमच्या आतल्या बाजूला बर्फ चिकटून गोठतो. मग दुसऱ्या दिवशी हायवेवर गाडी अशी काही थडथडते की नवीन माणूस घाबरून जातो. गरम पाण्याच्या कार वॉशमध्ये जाऊन चाकांच्या आतून पाणी मारा. बऱ्याचदा काम तिथेच होतं. कडाक्याच्या थंडीत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर जमिनीला टेकलेल्या जागी थोडे चपटेही होतात, पण ते काही मैल चालल्यावर गरम होऊन सरळ होतात. त्यासाठी कुणाला एक डॉलरही देऊ नका.

आता बॅलन्सिंगबद्दल. तीस ग्रॅम म्हणजे काय, चहाचे सहा चमचे साखर. पण चाकाच्या कडेपाशी तेवढं वजन एका बाजूला जास्त असेल, तर 70 मैलांच्या वेगाला ते सेकंदाला पंधरा वेळा पाच-सहा किलोच्या जोराने चाकाला खेचतं. म्हणूनच पाच-दहा ग्रॅमचे छोटे तुकडे लावून हा फरक भरून काढतात. साधं मशीन चाक हवेत फिरवून कुठे किती वजन हवं ते सांगतं. पण टायर वजनात समतोल असला तरी सगळीकडे सारखाच कडक असेल असं नाही. एखाद्या जागी तो जरा ताठ असतो, किंवा रिम एके ठिकाणी किंचित बाहेर आलेली असते. हवेत फिरताना हे कळत नाही, रस्त्यावर गाडीचा भार पडला की कळतं. त्यासाठी रोड फोर्स बॅलन्सिंगचं मशीन असतं. मिसुरीतल्या ब्रिजटन गावची हंटर इंजिनिअरिंग ही कंपनी त्यात प्रसिद्ध आहे. फिरत्या टायरवर एक जाड रोलर दाबून हे मशीन प्रत्यक्ष रस्त्यासारखा भार देतं आणि टायर किती ढकलतो ते पौंडांत दाखवतं. आकडा जास्त आला तर टायर रिमवरून सोडवून, फिरवून, टायरची उंच जागा रिमच्या खोल जागेवर आणतात. नुसती वजनं चिकटवून हे होत नाही. साधं बॅलन्सिंग एकदा नीट होऊनही थरथर राहिली असेल, तर पुन्हा तेच करून घेण्यात अर्थ नाही, रोड फोर्सवाल्याकडेच जा. हंटरच्या वेबसाइटवर पिनकोड टाकला, म्हणजे इथला झिप कोड, की आसपास हे मशीन कुठे आहे ते दिसतं.

पण नुसतं मशीन असून भागत नाही. एकच मशीन दोन दुकानांत असतं आणि काम एकाच ठिकाणी चांगलं होतं, हे मी इथे अनेकदा पाहिलंय. फरक पडतो तो चाक मशीनवर बसवण्यात. लिव्होनियातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये एक वयस्कर गृहस्थ हे काम करताना मी शेजारी उभं राहून पाहिलंय. त्यांनी चाक काढल्यावर आधी हबचा, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याचा, गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, कारण इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने हबवर गंजाचे पापुद्रे धरतात आणि मग चाक हबला सपाट बसतच नाही. रिमची मागची बाजूही पुसली. मग चाक मशीनवर बसवताना रिमच्या मधल्या भोकात नेमका बसणारा शंकूच्या आकाराचा लोखंडी तुकडा (कोन) निवडला आणि तो मागच्या बाजूने लावला. जुनी वजनं सगळी काढून टाकली. मशीन फिरवलं, आकडे बघितले. आणि मग, अजून एकही वजन न लावता, चाक सैल करून अर्धा फेरा वळवलं, परत आवळलं आणि पुन्हा फिरवलं. दोन्ही वेळा आकडे सारखे आले तेव्हाच वजनाच्या ट्रेला हात लावला. आकडे वेगळे आले असते तर चाक मशीनवर मध्यावर बसलेलं नाही असं समजायचं, आणि त्यावर लावलेली वजनं चुकीच्याच जागी जातात. या सगळ्याला दर चाकामागे जेमतेम दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. घाई असलेल्या दुकानात नेमकी तीच वाचवली जातात.

इथे विम्याच्या नियमांमुळे गिऱ्हाइकाला गाडीपाशी उभं राहू देत नाहीत, आपल्याकडच्यासारखं स्टूल घेऊन शेजारी बसता येत नाही. पण बहुतेक ठिकाणी काच असते. काचेतून बघा. किंवा आधी फोनवर विचारा: रोड फोर्सचं मशीन आहे का, काम झाल्यावर चारही चाकांच्या आकड्यांचा कागद द्याल का, आणि आधी व नंतर गाडी हायवेवर चालवून बघाल का. तिन्हींना सरळ हो म्हणणारं दुकान सापडलं की ते सोडू नका, दहा-पंधरा मैल लांब असलं तरी.

मोठ्या साखळी दुकानांबद्दल लोक विचारतात. डिस्काउंट टायर ही 1960 मध्ये इथल्याच अॅन आर्बरमध्ये सुरू झालेली कंपनी. त्यांच्याकडून किंवा कॉस्टकोकडून टायर घेतले, तर त्या टायरचं पुढचं बॅलन्सिंग आणि रोटेशन (पुढची-मागची चाकं आलटून-पालटून लावणं) टायरच्या आयुष्यभर वेगळे पैसे न देता होतं. इथे नव्याने संसार मांडणाऱ्यांसाठी हा व्यवहार चांगला आहे, पावत्या जपून ठेवा. दोघेही अलाइनमेंट करत नाहीत. डेट्रॉइटचीच जुनी बेल टायर ते करते. साध्या बॅलन्सिंगसाठी साखळी दुकान पुरतं, फक्त नोव्हेंबरमध्ये पहिल्या बर्फाच्या आठवड्यात किंवा शनिवारी दुपारी जाऊ नका, मंगळवार-बुधवारची सकाळ गाठा. अडून बसलेली थरथर असेल, तर मात्र अनुभवी माणसाचं स्वतंत्र गॅरेज बघा. असं गॅरेज कळतं ते ओळखीतूनच. गणपतीला किंवा दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत "चांगला मेकॅनिक कोण?" एवढं मोघम विचारू नका, नाहीतर तेल बदलणाऱ्या सगळ्यांची नावं मिळतील. "तुमच्या गाडीची थरथर कुणी घालवली?" असं विचारा. इथे आपल्यातले कितीतरी लोक फोर्ड, जीएम किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत काम करतात. काहींचं तर कंपन मोजणं हेच रोजचं काम आहे. ते आपली स्वतःची गाडी कुठे नेतात हे कळलं तर त्याहून चांगली शिफारस नाही.

काम ब्रेक, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शनपर्यंत गेलं, तर मिशिगनचा कायदा तुमच्या बाजूने आहे. इथे दुरुस्तीचं दुकान राज्याकडे नोंदवलेलं लागतं, मेकॅनिकला त्या त्या कामाचं राज्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि दोन्ही गोष्टी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे गाड्यांचं कामकाज बघणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या, वेबसाइटवर तपासता येतात. लेखी एस्टिमेट मागा. काढलेले जुने भाग परत हवेत असं काम सुरू होण्याआधीच सांगा. थरथरीची तक्रार घेऊन गेलात आणि चाक न फिरवताच कुणी बॉल जॉइंटपासून स्ट्रटपर्यंत सस्पेन्शनच्या भागांची यादी पुढे केली, तर सही न करता गाडी घेऊन निघा आणि दुसरीकडे दाखवा. यात कुणाला वाईट वाटत नाही, इथे ही रीतच आहे.

रिम वाकलीच असेल तर मशीनवर फिरताना ती डुलताना डोळ्यांना दिसते. बघायला सांगा, दाखवतात. थोडी वाकलेली अॅलॉय रिम सरळ करून मिळते, पण आतल्या बाजूला चीर गेली असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका, दुसरी रिम घ्या. भंगारवाल्यांच्या यार्डात त्याच मॉडेलची चांगली रिम नव्याच्या तुलनेत बऱ्याच स्वस्तात मिळते. नवीन टायर घेताना बाजूवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 3523 म्हणजे 2023 सालचा 35वा आठवडा. सुबारूसारख्या, इंजिनाची ताकद चारही चाकांना जाणाऱ्या गाडीत एकच टायर बदलायची वेळ आली, तर बाकीच्या तिघांची झीज आधी मोजून घ्या. व्यासातला फरक त्या गाड्यांच्या गिअरना सोसत नाही.

चाकं परत बसवताना नट एअर गनने कसे तरी करकचून आवळले, तर ब्रेकची डिस्क हळूहळू वाकडी झिजते आणि काही महिन्यांनी नवीच थरथर सुरू होते. नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, चांदणीच्या क्रमाने (एक झाला की समोरचा) आवळायला सांगा. हा जोर सिव्हिकला 80 फूट-पौंड, कॅम्रीला 76, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पन्नास-शंभर मैल चालल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्यायचे. टॉर्क रेंच घरी आणून ठेवा, फार महाग नसतो.

आणि टायरच्या बाजूवर फुगा आलेला दिसला तर वरचं सगळं बाजूला ठेवा. त्या टायरचं बॅलन्सिंग नको, त्यावर हायवेही नको. डिकीतलं स्पेअर चाक लावा, त्यावर लिहिलेल्या वेगाच्या आतच राहून आतल्या रस्त्यांनी दुकानात जा. स्पेअर नसेल तर गाडी ओढून नेणारा टो ट्रक बोलवा. तुमच्या गाडीच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का, ते आजच बघून ठेवा आणि नंबर घरात दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.