‘असोसिएट’ म्हणजे नक्की कोण? नवख्यांसाठी

नोकरीच्या जाहिरातीत ‘असोसिएट’ दिसलं की बहुतेक जण शब्दकोश उघडतात. तिथे सहकारी, सोबती, साथीदार, भागीदार, जोडणे, संबंध लावणे असं सगळं मिळतं. काम काय, वर किती साहेब, पगार कोणत्या पायरीचा, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी शब्दाच्या शेजारी कोण उभं आहे ते बघावं लागतं.

मूळ लॅटिनमधलं. ‘सोशिअस’ म्हणजे सोबती. ‘सोशल’ आणि ‘सोसायटी’ हे शब्द त्याच घरातले. त्याला ‘कडे’ अशा अर्थाचा उपसर्ग लागला आणि ‘सोबतीला जोडून घेणे’ असा अर्थ तयार झाला. म्हणजे घर आधीपासून कुणाचं तरी आहे आणि हा नंतर जोडला गेलाय. इंग्रजीतल्या बहुतेक वापरांत ही छटा टिकून आहे. माणूस उंबऱ्याच्या आत आला, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत तर हे जवळजवळ शब्दशः खरं आहे. तिथल्या ‘असोसिएट मेंबर’ला आपण सहयोगी सदस्य म्हणतो. २०१९ मध्ये राज्याच्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यानुसार सहयोगी सदस्य म्हणजे मूळ सदस्याचा जवळचा नातेवाईक, जो त्याच्या लेखी पूर्वसंमतीने त्याच्या वतीने हक्क बजावतो आणि ज्याचं नाव शेअर सर्टिफिकेटवर नसतं. नाव सर्टिफिकेटवर आहे पण पहिलं नाही, तो जॉइंट मेंबर. घोटाळा इथेच होतो. मुलाला ‘असोसिएट’ करून घेतलं की फ्लॅट त्याच्या नावावर झाला असं अनेक घरांत समजलं जातं. तसं होत नाही. मालकी जाते ती खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा वारसा अशाच वाटांनी. सोसायटीच्या फॉर्मवर सही करण्याआधी आपण कोणता रकाना भरतोय ते बघा.

वाणिज्य शाखेच्या मुलांना हा शब्द टक्केवारीसकट भेटतो. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे ‘असोसिएट कंपनी’ म्हणजे जिच्यावर दुसऱ्या कंपनीचा लक्षणीय प्रभाव आहे, पण जी तिची उपकंपनी नाही. प्रभाव म्हणजे एकूण मताधिकारापैकी किमान २० टक्के, किंवा करारानुसार व्यवसायाच्या निर्णयांवर नियंत्रण वा त्यांत सहभाग. ट्रान्स्फर प्रायसिंग, म्हणजे एकमेकांशी संबंधित कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांच्या किमती तपासणारे आयकर कायद्यातले नियम. त्यातलं ‘असोसिएटेड एंटरप्राइज’ वेगळं. तिथल्या अनेक कसोट्यांपैकी एक कसोटी २६ टक्के मताधिकाराची आहे. परीक्षेत २० आणि २६ची अदलाबदल हमखास होते, म्हणून आकड्यासोबत कायद्याचं नावही पाठ करा. आणखी एक गंमत: १ एप्रिल २०१७ला स्टेट बँकेत विलीन झालेल्या पाच बँकांना सगळे ‘सहयोगी बँका’ म्हणत, पण कायद्याने त्या उपकंपन्या होत्या. बोलीतलं नाव आणि कायद्यातलं नाव जुळेलच असं नाही.

आता पदांकडे. त्याच शिडीवर ‘असिस्टंट’ असेल, तर असोसिएट त्याच्या वर. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक, मग सहयोगी प्राध्यापक, मग प्राध्यापक. पूर्वी याच पायऱ्यांना लेक्चरर, रीडर, प्रोफेसर म्हणत. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायकाची सुरुवात वेतनस्तर १० वर होते, सहयोगी १३ए वर येतो आणि थेट भरतीसाठी पीएच.डी.सोबत किमान आठ वर्षांचा अनुभव मागितला जातो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही सहयोगी दिग्दर्शक हा सहायक दिग्दर्शकापेक्षा वरचा. मराठीत ‘सहायक’ आणि ‘सहयोगी’ कानाला इतके सारखे लागतात की अर्जात एकाच्या जागी दुसरा लिहिला जातो. त्यात अख्खी पायरी घसरते.

शिडीवर ‘असिस्टंट’ नसेल, तर गणित उलटं होऊ शकतं. मोठ्या लॉ फर्ममध्ये असोसिएट म्हणजे सुरुवातीचा वकील. वर सीनिअर असोसिएट, काही ठिकाणी प्रिन्सिपल असोसिएट, आणि सगळ्यांच्या वर पार्टनर. साधारणपणे पार्टनरचा नफ्यात वाटा असतो आणि असोसिएटला ठरलेलं मानधन मिळतं. म्हणून इथे ‘भागीदार’ हे भाषांतर चालत नाही. तसंच पाटीवर ‘अँड असोसिएट्स’ लिहिलंय म्हणून आत चार जण बसलेले असतीलच असं नाही. चार्टर्ड अकाउंटंटच्या नावापुढचं ‘एसीए’ म्हणजे संस्थेचा असोसिएट सदस्य. सलग पाच वर्षं प्रॅक्टिस झाली की फेलो होता येतं आणि अक्षरं ‘एफसीए’ होतात. तो चांगला सीए की वाईट, हे या अक्षरांवरून ठरत नाही.

सल्लागार कंपन्यांत तर दोन शेजारी एकच शब्द वेगळ्या मजल्यावर ठेवतात. मॅकिन्झीत असोसिएट हे सहसा एमबीएनंतरचं पद, बीसीजीत ते पदवीनंतरचं पहिलं. गुंतवणूक बँकेत आधी ॲनालिस्ट, मग असोसिएट, मग व्हाइस प्रेसिडेंट. स्टेट बँकेत ‘ज्युनिअर असोसिएट’ म्हणजे ज्याला आपण क्लार्क म्हणतो तो. दुकानातला ‘सेल्स असोसिएट’ म्हणजे काउंटरवरचा विक्रेता, आणि वॉलमार्टसारखी कंपनी तर आपल्या कर्मचाऱ्यांना सरसकट असोसिएटच म्हणते. ‘नोकर’ वाटू नये म्हणून निवडलेला हा गोड शब्द आहे. त्याने पगार वाढत नाही.

तेव्हा जाहिरात वाचताना पदनाम क्षणभर झाका आणि तीन गोष्टी शोधा: किती वर्षांचा अनुभव मागितलाय, कोणाला रिपोर्ट करायचंय, हाताखाली कोणी आहे का. मग लिंक्डइनवर त्याच कंपनीत त्याच पदावर असलेल्या पाच-सहा जणांचं पदवीचं वर्ष बघा. सगळे गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेले असतील, तर पद सुरुवातीचं आहे, नाव कितीही भारदस्त असो. मुलाखतीत ‘या पदाच्या लगेच वर आणि लगेच खाली कोणती पदं आहेत?’ असं विचारायला लाजू नका. ज्याला हे सांगता येत नाही, त्या कंपनीत बढतीचं कोडं पुढेही सुटत नाही.

संशोधनात ‘रिसर्च असोसिएट’ आपल्याकडे सहसा जेआरएफ आणि एसआरएफ (ज्युनिअर आणि सीनिअर रिसर्च फेलो) यांच्या वरची पायरी, बहुधा पीएच.डी.नंतरची. परदेशात आणि धोरण-संस्थांत मात्र नुकत्याच पदवीधर झालेल्यालाही हेच नाव देतात. त्यामुळे बाहेर अर्ज करताना पदनामाखाली एका ओळीत आपली पात्रता लिहा.

संगणकाच्या प्रमाणपत्रांत हा शब्द पायरी दाखवतो. सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्रातला ‘ए’ म्हणजे असोसिएट. त्याच्या वर प्रोफेशनल, म्हणजे सीसीएनपी. ॲमेझॉनच्या क्लाउड प्रमाणपत्रांत फाउंडेशनल, असोसिएट, प्रोफेशनल असा चढता क्रम आहे आणि स्पेशॅलिटी वेगळी. इथे असोसिएट म्हणजे ओळख झाली, आता देखरेखीखाली काम करता येईल असा माणूस. बायोडेटात ‘सर्टिफाइड’ एवढंच लिहून पातळी गाळू नका. मुलाखत घेणारा पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

अमेरिकेतली ‘असोसिएट डिग्री’ ही साधारण दोन वर्षांची, ६० क्रेडिटची पदवी, बहुतेक कम्युनिटी कॉलेजमध्ये मिळणारी. पुढे विद्यापीठात जाऊन आणखी दोन वर्षांत बॅचलर पूर्ण करता येते, पण ‘अप्लाइड सायन्स’ प्रकारातली सगळी क्रेडिट्स पुढे धरली जातीलच याची खात्री नसते. प्रवेश घेण्याआधीच, जिथे जायचंय त्या विद्यापीठाकडून ते लेखी विचारून घ्यावं. आपला तंत्रनिकेतनचा तीन वर्षांचा डिप्लोमा मनाने ‘असोसिएट डिग्री’ म्हणून फॉर्ममध्ये भरू नका. ती कशाच्या समकक्ष धरायची ते मूल्यांकन करणारी संस्था ठरवते. तुम्ही मूळ नाव लिहा.

मेडिकल बिलिंग किंवा ट्रान्स्क्रिप्शनच्या कामात ‘बिझनेस असोसिएट’ भेटतो. अमेरिकेच्या १९९६च्या हिपा कायद्याखाली रुग्णालयाच्या वतीने रुग्णांची माहिती हाताळणारी बाहेरची संस्था म्हणजे बिझनेस असोसिएट, आणि त्यासाठी वेगळा करार करावा लागतो. ‘धंद्यातला मित्र’ असा अर्थ लावून तो करार चाळला, तर जबाबदारीची कलमं नजरेतून सुटतात.

क्रियापद म्हणून हा शब्द बहुतेकदा ‘विथ’ घेतो. ‘असोसिएट टू’ ही आपल्याकडची चूक आहे, मराठीत ‘संस्थेला जोडलेला’ असा ‘ला’ लागतो म्हणून सुचणारी. दुसरी चूक काळाची: ‘आय ॲम असोसिएटेड विथ धिस फर्म सिन्स २०१९’. तिथे ‘हॅव बीन’ हवं. त्याहून मोठी अडचण म्हणजे हे वाक्य काहीच सांगत नाही. पगारी होतात, स्वयंसेवक होतात की नुसतं नाव दिलं होतं? ‘२०१९पासून लेखापरीक्षण विभागात पूर्णवेळ’ असं लिहिलं की प्रश्न संपतो. मनातल्या जोडणीसाठी हे क्रियापद वापरलं असेल, तर मराठीत ‘संबंध जोडतो’ असं ओढूनताणून करू नये. आपण ‘पंढरपूर म्हटलं की वारी आठवते’ असंच म्हणतो. कार्यक्रमपत्रिकेवरचं ‘इन असोसिएशन विथ’ म्हणजे ‘यांच्या सहकार्याने’. दोन्ही संस्था बरोबरीच्या असतील तरच ‘संयुक्त विद्यमाने’.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा वापर संशोधनाच्या बातम्यांत सापडतो. ‘असोसिएटेड विथ’ म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एवढंच. एकीमुळे दुसरी झाली असं त्यात म्हटलेलं नसतं. तरीही मराठीत येताना तिथे ‘मुळे’ चिकटतो. ‘कॉफीमुळे धोका घटतो’ आणि ‘कॉफी पिणाऱ्यांत धोका कमी आढळला’ यांत फार अंतर आहे. कॉफी पिणारे कदाचित आधीच धडधाकट असतील, कदाचित आजारी लोकांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती सोडली असेल. भाषांतर करताना ‘मुळे’, ‘ने’, ‘घडवतो’ हे शब्द खोडून ‘आढळला’, ‘सोबत दिसला’ घातले की निम्म्या चुका जातात. गणितातला साहचर्य गुणधर्म याच कुळातला: तीन संख्या मिळवताना कोणत्या दोघींना आधी सोबत बसवलं याने बेरीज बदलत नाही.

उच्चारात नाम आणि क्रियापद वेगळे होतात. दोन्हींत जोर ‘सो’वर, पण नाम आणि विशेषण यांचा शेवट आखूड, ‘असोशिअट’सारखा, आणि क्रियापदाचा शेवट पूर्ण ‘एट’. ‘ग्रॅज्युएट’, ‘डेलिगेट’, ‘ॲडव्होकेट’, ‘एस्टिमेट’ यांचंही तसंच. मराठीने सगळीकडे ‘एट’ ठेवला आणि मराठी बोलताना तो बरोबरच आहे. परदेशी माणसाशी फोनवर आपलं पद सांगताना मात्र शेवट आखूड करा, समोरच्याला लगेच कळतं.

राहिला माणसांचा अर्थ. ‘कंपॅनियन’ हा मुळात एका भाकरीचा वाटेकरी, त्यामुळे त्यात ऊब आहे. ‘कलीग’ एका कचेरीतला. ‘असोसिएट’ म्हणजे ज्याच्याशी कामाची उठबस आहे तो. जिवलग मित्राची ओळख ‘माय असोसिएट’ अशी करून दिली, तर तो दुखावेल किंवा हसेल. ‘क्लोज असोसिएट’ला वर्तमानपत्री मराठीत निकटवर्तीय म्हणतात. पोलिसांच्या कागदातला ‘नोन असोसिएट’ म्हणजे ज्याची आरोपीबरोबर ऊठबस माहीत आहे असा माणूस. गुन्ह्यात त्याचा हात होता असं त्यात म्हटलेलं नसतं; त्यासाठी ‘अकम्प्लिस’ हा वेगळा शब्द आहे. मराठीत दोघांनाही ‘साथीदार’ लिहिलं जातं, आणि ज्याच्यावर अजून काहीच आरोप नाही तो वाचकाच्या लेखी गुन्हेगार होऊन बसतो. अशा जागी ‘परिचित’ किंवा ‘संपर्कातील व्यक्ती’ लिहावं.