घरात वयस्कर माणसं आहेत? कोविड वाढू लागला की तयारी अशी करा

दवाखान्यात भरती होणाऱ्या कोविड रुग्णांचा आकडा वाढतोय असं कानावर आलं की पहिला फोन आईवडिलांना करा, मग ते धायरीत एकटे राहत असोत की कोथरूडला भावाकडे. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले, तेव्हा हातात लस नव्हती. आज आहे. तरीही साठी ओलांडलेल्यांना आणि मधुमेह, हृदयविकार, किडनीचा आजार असलेल्यांना हा आजार अजून जड जातो.

आधी लसीची तारीख शोधा. कोविनचं प्रमाणपत्र मोबाईलवर उघडा आणि शेवटचा डोस कधी झाला ते पाहा. बऱ्याच घरांत ‘दोन घेतले, झालं की’ एवढंच उत्तर मिळतं. पण लसीने आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांनी ओसरत जाते, आणि विषाणूही रूप बदलत राहतो. ती तारीख घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. पुढचा डोस घ्यावा का, सध्या कोणती लस मिळते, हे स्पष्ट विचारा. फ्लूच्या लसीचंही त्याच वेळी विचारून घ्या; ती कोविडवर चालत नाही, तिचं काम वेगळं.

मास्क नेमका कुठे? भरलेली पीएमपी बस, लिफ्ट, आणि सगळ्यात आधी दवाखान्याची वेटिंग रूम. एन-९५ असेल तर उत्तम, पण तो नाकावर घट्ट बसायला हवा. घरी पाहुणे आले की समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

घसा खवखवला की थांबा. ‘हवा बदललीय’ म्हणून नातवंडांनी आजीच्या खोलीत जाऊ नये. चाचणी करा. घरच्या रॅपिड चाचणीत निगेटिव्ह आलं आणि लक्षणं कायम असली, तर एक-दोन दिवसांनी पुन्हा करा किंवा आरटी-पीसीआर करून घ्या.

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र, नीट वापरा. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण कोविडमध्ये धाप न लागताही ऑक्सिजन उतरू शकतो. २०२१ मध्ये वडिलांचे आकडे आम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचो, दुधाच्या हिशेबाशेजारी. आकडा हळूहळू खाली येतोय हे त्या रांगेमुळेच दिसलं.

पाच मिनिटं शांत बसवा. बोटं गार असतील तर चोळून गरम करा. नेलपॉलिश पुसा, बोटावर मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. यंत्र लावून हात स्थिर ठेवा आणि आकडा थिरावला की वेळेसह लिहा. सकाळ-संध्याकाळ तरी हे कराच. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन. ९० च्या खाली, किंवा श्वास घेताना त्रास, छातीत दुखणं, ओठ निळसर, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर आकड्यांची वाट न पाहता १०८ लावा. फुप्फुसांचा जुना आजार असणाऱ्यांसाठी त्यांचा नेहमीचा आकडा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक मनाने सुरू करू नका. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्याही नकोत.

एक पिशवी दाराजवळ ठेवा. चालू औषधांची यादी, कशाची ॲलर्जी आहे ते, लसीचं प्रमाणपत्र, विम्याचं कार्ड, चष्मा, चार्जर. आणि शेजारच्या एकाला घराची किल्ली देऊन ठेवा.