मुलाचे केस तांबूस दिसतात तेव्हा कारण कसे ओळखावे

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ऊसतोडीची कुटुंबे बीड-धाराशिवकडच्या आपापल्या गावी परततात, तेव्हा त्यांच्यासोबत आलेल्या कित्येक लेकरांचे केस भुरके, तांबूस झालेले दिसतात. ‘उन्हानं झालं असंल’ म्हणून घरातली माणसे तो विषय सोडून देतात. बहुतेक वेळा ते खरेही असते, परंतु पाहिल्याशिवाय तसे म्हणू नये.

मुलाला उजेडात बसवून केसांची एक बट पांढऱ्या कागदावर पसरावी आणि मूळ व टोक यांचा रंग ताडून पाहावा. मूळ काळेभोर असून टोकाकडे तांबूसपणा वाढत गेला असेल, तर उन्हाने केसांतील रंगद्रव्य विरले आहे असे समजावे. मेहंदी लावली असल्यासही नव्याने वाढलेले मूळ काळेच राहते, कारण तिचा रंग फक्त बाहेर आलेल्या केसावर चढतो.

मुळापासून टोकापर्यंत एकसारखा तांबूस रंग असेल, भुवयाही तशाच असतील आणि केस दाट व चमकदार असतील, तर तो जन्मजात असण्याची शक्यता अधिक. तरीही लहानपणापासून रंग असाच होता का, हे आईला किंवा आजीला विचारावेच. केसांतील रंगद्रव्यांपैकी काळपट-तपकिरी युमेलॅनिन कमी आणि तांबूस फिओमेलॅनिन जास्त असले की केसांना असा रंग येतो. लाल केसांमागे मुख्यतः एमसी१आर या जनुकातील बदल असतात, हे १९९५ मध्ये दिसून आले. असे केस स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये सर्वाधिक आढळतात, व्होल्गा नदीच्या खोऱ्यातील उदमुर्त लोकांत आणि मोरोक्कोच्या रिफ डोंगराळ भागातही दिसतात. आपल्याकडे मात्र जन्मजात तांबूसपणा क्वचितच असतो, म्हणून तो गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते.

कारण खरी काळजी पुढेच आहे. केस मुळाशीही फिके, विरळ आणि कोरडे असतील, हलकेच ओढल्यावर न दुखता हातात येत असतील किंवा एकाच केसावर फिक्या व गडद रंगाचे पट्टे असतील, तर कुपोषणाचा संशय घ्यावा. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३३ मध्ये आजच्या घानातील मुलांमध्ये या आजाराचे वर्णन केले. पुढे रूढ झालेले ‘क्वाशिओरकोर’ हे नाव तिथल्या गा भाषेतले असून, धाकटे भावंड आल्यावर ज्याचे अंगावरचे दूध तुटते त्या लेकराच्या आजाराला ते लोक तसे म्हणत. आपल्या घरांतही ही वेळ तीच असते.

संशय आल्यास दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबावे. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज आहे, आणि तिच्यामुळेच असे मूल कधीकधी गुटगुटीत भासते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीतील पट्टीने मोजावा. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा सूज असेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. सूज असल्यास घेर पुरेसा भरला तरी थांबू नये. तेथून गरजेप्रमाणे मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवले जाते. तोवर तेल-शिकेकाईवर दिवस घालवू नयेत. आहार सुधारला की मुळाशी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीने काळा केस येऊ लागतो, आणि तांबूस भाग हळूहळू टोकाकडे सरकत जातो.